दाणा

एकतीस गळीत हंगाम मी दाणा पाहिला.
पॅनच्या पोटातून सळई ओढायची,
काचेच्या पट्टीवर थेंब फासायचा,
पट्टी दिव्यासमोर धरायची.
तपकिरी चिकटात चांदण्या उभ्या राहायच्या.
बारीक असल्या तर थांब.
जुळ्या, वेड्यावाकड्या असल्या तर पाणी सोड, विरघळव.
सगळा दाणा सारखा, टोकदार, ठसठशीत झाला
की घंटा दे, पॅन खाली कर.
केमिस्ट बदलले, चेअरमन बदलले.
दाण्याच्या बाबतीत शब्द माझा.

मार्चात सोनाक्कानं कुकरचं झाकण फिरवलं
आणि मनगट मोडलं.
पडली नाही, कशाला धडकली नाही.
झाकण जरा घट्ट होतं, एवढंच.
भुईमुगाची वाळकी शेंग फोडावी तसा आवाज;
मी पेपरातून मान वर केली नाही.

मिरजेला नेलं.
मशीनखाली झोपवलं, आकडा आला: उणे एक पॉइंट सहा.
डॉ. मगदूम म्हणाल्या, तसा फार वाईट नाही.
मी म्हणालो, म्हणजे पोतं वजनात बसलं,
आत काय भरलंय ते बघितलं नाही कुणी.
बाई हसल्या. माझ्या नातीच्या वयाच्या.
चिठ्ठी उलटी करून त्यांनी पेनानं रेघा ओढल्या:

हे तंतू, काका, तागाच्या दोऱ्यासारखे.
यांच्या सांदीत स्फटिक,
कॅल्शियमचे, फॉस्फेटचे पापुद्रे,
एका केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे पातळ.
आणि ते अर्धेकच्चे असतात म्हणूनच बरे असतात.
मध्येच कार्बोनेट घुसलेलं, कडा तुटक्या,
भोवती पाण्याचा पदर.
धक्का बसला की एकमेकांवरून जरासे सरकतात,
हाड सोसतं.
जुनं हाड वेळेवर मोडून नवं रचलं गेलं नाही
की तेच स्फटिक पडून पडून वाढतात,
रेखीव होतात.
रेखीव झाले की सरकत नाहीत.
मग हाड सोसत नाही, टिचतं.

यांचं तसंच झालंय का?
सांगता येत नाही, म्हणाल्या.
सगळ्यांत एकच दोष नसतो.
कुणाची जाळीच विरते, कुणाचे तंतू जुनावतात.
एवढ्या खोल या मशीनला दिसत नाही.

मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.
वेडेवाकडे, अर्धेकच्चे:
एकतीस हंगाम मी तेच पाण्यात घालवले.

आष्ट्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा
ती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली,
‘ह्या हातानं तुमचा रातपाळीचा डबा गेला.’
तक्रार नव्हती. हिशोब पण नव्हता.
खिडकीतून दिसलं ते बोलावं तसं.
मला आठवत होतं,
दूध डेअरीला जायचं, राहिलं ते पोरांना,
आणि ती फळीपाशी उभ्यानं कोरा चहा प्यायची.
बसून पिताना मी तिला कधी पाहिलंय का,
हे आठवेना.

घरी फडताळात एक बरणी आहे.
निवृत्तीच्या दिवशी शेवटच्या पॅनची साखर भरून आणलेली,
पाहुणा आला की उजेडात धरून दाखवायचो.
काल तीच उघडली.
दोघांच्या चहात टाकली, दुधाच्या चहात.
मोठा दाणा लवकर विरघळत नाही.
ती डाव्या हातानं ढवळत राहिली.
‘दिसायला बरी,’ म्हणाली, ‘गोडीला तीच.’

रात्री एक्सरे काढला पाकिटातून.
सवयीनं कोपऱ्यात चिमटीत धरला,
बल्बपुढे नेला.
मनगटाची आठ लहान हाडं, खड्यांसारखी,
त्यांच्या खाली ती रेघ.
डोळे बारीक केले, जवळ नेला, लांब नेला.
दाणा काही दिसला नाही.

झाकण आता मी लावतो.
ते कट्ट करून बसतं,
आणि आतून ती विचारते,
‘काय झालं?’